फिरायला जायचे, पण कोठे? सार्वजनिक जागांची गुणपत्रिका

औषधाच्या चिठ्ठीवर केवळ औषधाचे नाव लिहून भागत नाही. मात्रा किती, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की जेवणानंतर, हेही लिहावे लागते. साठीनंतर जवळजवळ प्रत्येकाला मिळणारा ‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्लाही एक औषधच आहे. त्याची मात्रा सर्वांना ठाऊक असते. परंतु ते कोठे घ्यावे आणि कोणत्या वेळी घ्यावे, याचा विचार घरोघरी क्वचितच होतो. घराजवळचा रस्ता, कोपऱ्यावरची बाग, देवळाचे आवार, नदीकाठ, टेकडी या साऱ्या जागा जणू सारख्याच, असे आपण गृहीत धरतो. त्या सारख्या नसतात, आणि वयाच्या सत्तरीत हा फरक शरीराला नेमका जाणवतो.

याचा एक चांगला पुरावा लंडनमधील एका अभ्यासातून मिळाला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साठीपुढच्या ११९ व्यक्ती सहभागी झाल्या होत्या. काही निरोगी होत्या, काहींना सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट विकार होता, तर काहींना हृदयविकार होता. प्रत्येकाला एकदा हाइड पार्क या विस्तीर्ण उद्यानात आणि एकदा डिझेल बस व टॅक्सींनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन-दोन तास चालायला सांगण्यात आले. उद्यानात चालल्यानंतर श्वसनक्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. वर्दळीच्या रस्त्यावर मात्र हा लाभ बराच घटला. सीओपीडीच्या रुग्णांना तर रस्त्यावरच्या फेरीनंतर खोकला, कफ आणि धाप यांचा त्रास अधिक झाला. माणसे तीच आणि चालणेही तेवढेच. बदलली होती ती केवळ जागा.

म्हणूनच ज्या जागी आपण रोज श्वास घेतो, पाऊल टाकतो आणि टेकतो, त्या जागेची पारख आपणच करायला शिकले पाहिजे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक वही, एक पेन्सिल आणि आठवडाभराचे लक्ष पुरेसे आहे.

सरासरीचा भुलावा

शहरांना गुण देण्याची पद्धत आता आपल्या परिचयाची झाली आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांचा राहणीमान सुलभता निर्देशांक जाहीर केला, तेव्हा पुणे पहिले आले. नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी. पुणेकरांना त्याचा आनंद होणे स्वाभाविक होते. परंतु असा क्रमांक अनेक बाबी एकत्र करून काढलेला असतो. आपल्या गल्लीतील पदपथावरची उखडलेली फरशी किंवा बागेतील कुलूपबंद स्वच्छतागृह त्यात दिसत नाही. संपूर्ण शहर पहिले आले, तरी आजोबांच्या रोजच्या वाटेवरचा खड्डा आहे तेथेच राहतो.

याउलट हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक, म्हणजेच वर्तमानपत्रांतून दिसणारा ‘एक्यूआय’, एका शहाण्या तत्त्वावर आधारलेला आहे. सूक्ष्म धूलिकण, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आदी घटकांचे उपनिर्देशांक स्वतंत्रपणे काढले जातात आणि त्यांतला जो सर्वांत वाईट, तोच अंतिम निर्देशांक ठरतो. येथे सरासरी काढली जात नाही. सात घटक उत्तम असले आणि आठवा घातक असला, तर हवा घातकच ठरते. जागेची पारख करतानाही आपण हेच तत्त्व वापरणार आहोत. ज्येष्ठांच्या बाबतीत सुंदर हिरवळ ही निसरड्या पायरीची भरपाई करू शकत नाही.

गुणपत्रिका: आठ विषय

पुढील प्रत्येक विषयाला शून्य, एक किंवा दोन गुण द्यावेत. दोन म्हणजे निर्धास्त, एक म्हणजे सांभाळून, शून्य म्हणजे धोका. गुण देताना जागा त्याच वेळी पाहावी, ज्या वेळी प्रत्यक्ष जायचे आहे. दुपारी पाहिलेली बाग पहाटे निराळी असते.

१. हवा. आपल्या निर्देशांकात ५० पर्यंत ‘चांगली’, १०० पर्यंत ‘समाधानकारक’, २०० पर्यंत ‘मध्यम’, ३०० पर्यंत ‘वाईट’, ४०० पर्यंत ‘अतिशय वाईट’ आणि त्यापुढे ‘गंभीर’ अशा पायऱ्या आहेत. मात्र ‘समाधानकारक’ हा शब्द बेताने घ्यावा. त्या पायरीची वरची मर्यादा म्हणजे दर घनमीटर हवेत २.५ मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅम. शिवाय धूलिकणांचा हा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर आणि मोजणी केंद्राच्या जागेवर अवलंबून असतो. म्हणून आकड्याच्या जोडीला डोळे आणि नाक वापरावे. जवळ पालापाचोळा किंवा कचरा जाळला जातो का? बसथांबा किंवा सिग्नल लागून आहे का? बांधकामाची धूळ उडते का? हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वरची हवा उबदार असते, त्यामुळे झाकण ठेवल्यासारखा धूर खालीच कोंडतो. ऊन चढले की तो विरतो. ‘ब्राह्ममुहूर्ताची हवा सर्वांत शुद्ध’ ही समजूत शहरातल्या डिसेंबर-जानेवारीला लागू पडत नाही.

२. आवाज. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही कायदेशीर मर्यादा आहे. मोजमापाची घरगुती कसोटी अशी, की दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते का? येत असेल तर दोन गुण. ओरडावे लागत असेल तर शून्य. सतत कर्कश आवाज रक्तदाब वाढवतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना तर सारा गोंगाट एकदमच कानावर आदळल्याने मागून येणारे वाहन ओळखता येत नाही.

३. ऊन आणि सावली. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी सुटतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची व मनोविकारांची काही औषधे यांमुळे उष्णता सोसण्याची शक्ती आणखी घटते. म्हणून झाडे किती आहेत याहीपेक्षा आपल्या वेळेला त्यांची सावली वाटेवर आणि बाकावर पडते का, हे पाहावे. सिमेंटचे ठोकळे बसवलेली उघडी जागा सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहते.

४. पायाखालची जमीन. हलणारे ठोकळे, वर आलेली मुळे, शेवाळ, सुटी खडी, अचानक येणारी पायरी या गोष्टी शोधाव्यात. पायऱ्यांच्या कडा ठळक रंगाने रंगवलेल्या नसतील, तर मोतीबिंदू असलेल्यांना त्या दिसत नाहीत. द्विकेंद्री चष्म्याच्या खालच्या भागातून पाहताना पायरी धूसर दिसते. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. वीतभर उंचीपेक्षा पदपथ उंच असेल, तर एक गुण कापावा.

५. बसण्याची जागा. गुडघ्याच्या उंचीचा, पाठ असलेला आणि उठताना हाताला आधार देणारा बाक हा ज्येष्ठांसाठी औषधासारखाच आवश्यक आहे. दीड-दोनशे पावलांवर एखादा बाक असेल, तर धापेच्या रुग्णालाही दूर जाण्याचे धैर्य होते. बुटक्या कठड्यावर किंवा पाठ नसलेल्या ओट्यावर पूर्ण गुण देऊ नयेत.

६. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी. नुसते असणे पुरेसे नाही. आपल्या वेळेला ते उघडे असते का, कोरडे असते का, आत दिवा, कमोड आणि धरायला दांडी आहे का, हे पाहावे.

७. स्वच्छता. साचलेले पाणी म्हणजे डासांची पैदास. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, हे ध्यानात ठेवावे. बाकाभोवती कबुतरांना दाणे टाकण्याची प्रथा असेल, तर त्यांच्या वाळलेल्या विष्ठेचे कण श्वासावाटे जाऊन काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. दमा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी अशा जागेला शून्य द्यावे.

८. वाट आणि सोबत. बाग कितीही चांगली असो, तेथवर पोहोचताना ओलांडावा लागणारा रस्ता हा तिचाच भाग समजावा. पादचाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरण्याची पद्धत आहे. बारा मीटर रुंदीच्या रस्त्याला त्या हिशेबाने दहा सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना पंधरा लागतात. उरलेली पाच सेकंदे त्या वाहनांसमोर असतात. याखेरीज दिवे आहेत का, भटक्या कुत्र्यांचा उपद्रव आहे का, हाक मारली तर ऐकायला कोणी असते का, हेही पाहावे.

बेरीज करू नका, आधी आपला विषय पाहा

आठही विषयांची बेरीज सोळा होते. पण ती करण्याआधी एक पायरी महत्त्वाची आहे. घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा आजार कोणता, त्यानुसार तिचे एक-दोन मुख्य विषय ठरवावेत. दमा, सीओपीडी आणि हृदयविकार यांसाठी हवा. हृदयविकार व रक्तदाबाची औषधे चालू असतील तर जोडीला ऊन. गुडघेदुखी आणि कंपवात यांसाठी जमीन व बाक. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर जमीन, कारण खडा टोचलेला कळत नाही. प्रोस्टेटचा त्रास किंवा लघवीची गोळी असेल तर स्वच्छतागृह. दृष्टी मंद असेल तर जमीन आणि दिवे. स्मृतिभ्रंश असेल तर आवाज, गर्दी आणि वाट ओळखता येईल अशा खुणा.

मुख्य विषयात शून्य असेल, तर एकूण बेरीज चौदा आली तरी ती जागा त्या व्यक्तीसाठी, त्या वेळी, नापास समजावी. मुख्य विषयात दोन असतील आणि इतरत्र काही ठिकाणी एक असेल, तर ती जागा सांभाळून वापरण्याजोगी आहे.

हे पुण्याच्या उदाहरणांवरून पाहू. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एखाद्या धडधाकट पंचाहत्तरीतल्या गृहस्थांना उत्तम व्यायाम देतात. झिजलेल्या गुडघ्यांना मात्र त्या चढण्यापेक्षा उतरताना अधिक जाचतात. तळजाईच्या टेकडीवर झाडी आहे आणि वाहनांपासून अंतर आहे. पण चढउताराच्या कच्च्या वाटांवर मधुमेही पावलांनी बेताने जावे. जंगली महाराज रस्त्यावर नव्या रचनेनंतर पदपथ रुंद झाला, बसायला जागा झाली, जुन्या झाडांची सावली आहेच; जमीन आणि बाक या विषयांत तो वरचढ ठरेल. परंतु पलीकडेच वाहनांची रांग असल्याने दम्याच्या रुग्णाने तेथे गर्दीची वेळ टाळावी. सारसबागेत हिरवळ आहे, देवदर्शन आहे, समवयस्कांची सोबत आहे. मात्र अंगारकी चतुर्थीच्या दिवशी तीच बाग काठी घेऊन चालणाऱ्या माणसासाठी राहत नाही. यांपैकी कोणतीही जागा सरसकट चांगली किंवा वाईट नाही. ‘कोणासाठी आणि कधी’ हे दोन प्रश्न जोडल्याशिवाय गुण देताच येत नाहीत.

न बोललेला विषय

माझ्याकडे येणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचे उदाहरण येथे सांगावेसे वाटते. पायांवर सूज, रक्तदाब आणि त्यासाठी सकाळची लघवीची गोळी असे त्यांचे उपचार चालू होते. पूर्वी त्या रोज बागेत जात. हळूहळू जाणे थांबले. ‘वय झालं, उत्साह राहिला नाही,’ असे सूनबाई सांगत. काही महिन्यांत आजींना खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागू लागला. सूनबाई औषधे आणायला बाहेर गेल्यावर मी विचारले, “आजी, बाग आवडत नाही का आता?” त्या थोडे थांबून म्हणाल्या, “बाग आवडते हो डॉक्टर. पण तिथल्या बाथरूमला कुलूप असतं. मुलाला कसं सांगू?”

उत्साह कमी झालाच नव्हता. गोळीची वेळ बदलून ती फिरून आल्यानंतर घ्यायची, असे आम्ही ठरवले. मुलाने बागेच्या व्यवस्थापनाकडे लेखी विनंती केली. दोन-तीन खेपा झाल्यावर सकाळी कुलूप उघडू लागले. आजी पुन्हा जाऊ लागल्या. खुर्चीतून उठण्यासाठी लागणारे मांड्यांचे बळ पूर्ववत व्हायला मात्र कितीतरी अधिक काळ लागला. वृद्धापकाळी स्नायू गमावणे सोपे असते, कमावणे कठीण.

काळजी घेणाऱ्यांनी यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. घरातले ज्येष्ठ बाहेर जाणे टाळू लागले, तर ‘वय झाले’ या उत्तरावर थांबू नये. आठ विषय एकेक करून विचारावेत. पडण्याची भीती, लघवीची अडचण, रस्ता ओलांडण्याचा धसका, ऐकू न येण्याचा संकोच या गोष्टी आपले आईवडील आपणहून बोलत नाहीत.

कमी गुण मिळाले, मग पुढे काय?

कमी गुण म्हणजे घरात बसण्याचा परवाना नव्हे. घरकोंडीने स्नायू झिजतात, झोप बिघडते, बद्धकोष्ठ होते, मन खचते. म्हणून पुढील क्रमाने मार्ग काढावा.

प्रथम वेळ बदलावी. हिवाळ्यात पहाटे पाचऐवजी ऊन पसरल्यावर, साधारण आठ-साडेआठनंतर निघावे. उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास जाऊन ऊन तापण्याआधी परतावे. उन्हाळी दुपारी उन्हाबरोबर ओझोनही वाढतो, हे आणखी एक कारण.

त्यानंतर वाट बदलावी. हमरस्त्याऐवजी एक गल्ली आत गेले, तरी धूर आणि आवाज दोन्ही बरेच घटतात. वाहनांकडची बाजू सोडून झाडांच्या रांगेमागून चालावे. निर्देशांक ‘वाईट’ किंवा त्यापुढे असेल, त्या दिवशी हृदयाच्या व फुप्फुसांच्या रुग्णांनी घरातच, गच्चीखालच्या व्हरांड्यात किंवा जिन्याच्या मोकळ्या भागात संथ फेऱ्या घालाव्यात.

मग साधने सुधारावीत. मागून पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे. रबरी टोक झिजलेले नाही अशी काठी. चालण्यासाठी केवळ दूरच्या दृष्टीचा निराळा चष्मा. खिशात पाण्याची बाटली, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधांची चिठ्ठी. मधुमेहींनी साखरेच्या दोन पुड्या विसरू नयेत.

आणि शेवटी, जागा सुधारण्याची मागणी करावी. येथे गुणपत्रिकेचा खरा उपयोग होतो. ‘बागेची दुरवस्था झाली आहे’ असे पत्र फायलीत पडून राहते. ‘मुख्य प्रवेशद्वारापासून डावीकडच्या वाटेवर चौथ्या झाडाजवळ सहा ठोकळे उखडले आहेत; रोज सकाळी सात ते आठ या वेळात येथून चाळीस ज्येष्ठ नागरिक जातात’ असे लिहिले, तर कारवाई करणाऱ्याला काय करायचे ते कळते. एकट्याने लिहिण्यापेक्षा परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाने पाच-दहा जणांच्या गुणपत्रिका जोडून क्षेत्रीय कार्यालयाकडे व उद्यान विभागाकडे द्याव्यात. पुणे महानगरपालिकेत २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या भागातील छोटी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे ही कामे याच स्वरूपाची असतात. इतर शहरांतील वाचकांनी आपल्या पालिकेत अशी कोणती सोय आहे, याची चौकशी करावी.

हे मागणे ज्येष्ठांच्या लाडाचे आहे, असा संकोच बाळगू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी मार्गदर्शिका काढली. ती जगातील ३३ शहरांतील ज्येष्ठांशी बोलून तयार झाली होती, आणि त्यांत आपल्याकडील नवी दिल्ली व उदयपूर ही शहरेही होती. मोकळ्या जागा आणि इमारती हा तिच्या आठ प्रमुख विषयांपैकी एक आहे. आजींसाठी केलेला उतार बाळाच्या ढकलगाडीलाही उपयोगी पडतो. आजोबांसाठी दुरुस्त केलेला पदपथ शाळेत जाणाऱ्या नातवालाही सुरक्षित ठेवतो.

एक सावधगिरी

जागेला सोळापैकी सोळा गुण असले तरी शरीराची सूचना वरचढ मानावी. छातीत दाब येणे, दुखणे जबड्याकडे किंवा हाताकडे जाणे, एक पूर्ण वाक्य बोलता येणार नाही इतकी धाप लागणे, घेरी येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाल्यास तेथेच बसावे, आधारासाठी हाक मारावी आणि वैद्यकीय मदत घ्यावी. बाकावरून उठताना क्षणभर पाय हलवून, मग उभे राहून, दहा अंक मोजून पाऊल टाकावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उठल्याने होणारे पडणे यामुळे बरेच टळते.

गुणपत्रिका भरताना ती ज्येष्ठांच्या वतीने नव्हे, त्यांच्यासोबत भरावी. पन्नाशीतल्या मुलाला जो बाक ठीक वाटतो, तो ऐंशीच्या वडिलांना खोल वाटतो. पेन्सिल त्यांच्या हाती द्यावी, गुण त्यांना देऊ द्यावेत आणि वर्षातून तीनदा, म्हणजे उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, ती नव्याने भरावी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रक्त-लघवीच्या अहवालांबरोबर ती वहीही न्यावी. चालण्याची मात्रा ठरवताना तिचा निश्चित उपयोग होईल.